बुखाऱ्याची वीट

नमस्कार, श्रोतेहो.

उझबेकिस्तान म्हटलं की डोळ्यांपुढे निळे घुमट उभे राहतात. बुखारा शहराच्या पो-इ-कलान चौकातही ते आहेत. एक कलान मशिदीचा, दोन समोरच्या मीर-ए-अरब मदरशाचे. देखणे आहेत, वादच नाही. तरी या चौकातलं खरं वैभव साध्या भाजलेल्या विटेत आहे, असं मला मनापासून वाटतं.

आपण काळ्या कातळात लेणी कोरणारी माणसं. बुखाऱ्याच्या आसपास असा कातळ नाही. तिथं आहे वाळवंट आणि झरफशान नदीची माती. कारागिरांनी ती माती भाजली आणि मशिदीला लागून कलान मिनार उभा केला. साल ११२७, राजा काराखानी घराण्यातला अर्सलान खान. उंची सुमारे ४६ मीटर. बुंध्याशी रुंद, वर निमुळता होत जाणारा आणि माथ्यावर कमानींची गोल सज्जा.

जवळ जाऊन पाहा. मिनाराला एकामागून एक नक्षीचे पट्टे आहेत. कुठं वीट आडवी, कुठं उभी, कुठं जोडीनं, कुठं जरा पुढे काढलेली. त्या पुढे आलेल्या कडेची सावली शेजारच्या विटेवर पडते आणि नक्षी उठून दिसते. रंग जवळजवळ नाहीच. वरच्या बाजूला निळ्या चकाकीची एक पट्टी, बस्स. ही कला बुखाऱ्यात त्याआधीच मुरलेली होती. सामानी राजांची दहाव्या शतकातली समाधी पाहिली की ते पटतं.

१२२० मध्ये चंगेजखानानं शहर जाळलं, जुनी मशीद गेली, मिनार राहिला. आजची मशीद १५१४ची. तिच्या ओवऱ्यांवर २८८ छोटे घुमट आहेत. मदरसा त्यानंतरचा, सोळाव्या शतकातलाच. तिथं आजही विद्यार्थी शिकतात, त्यामुळे पर्यटकांना दारापर्यंतच जाता येतं. १९२० मध्ये लाल सेनेच्या तोफांनी मिनाराला जखमा केल्या. त्या पुढे विटांनीच बुजवल्या गेल्या.

बुखाऱ्याला जाणार असाल तर चौकात सकाळी लवकर पोहोचा. बाजूनं येणाऱ्या तिरप्या उन्हात विटांच्या कडांच्या सावल्या पडतात आणि ही नक्षी खुलून दिसते. घुमटांचे फोटो दुपारीही काढता येतील.