‘गेलो होतो’ आणि इंग्रजीतला साधा भूतकाळ

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून एक वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे : ‘आय हॅड गॉन देअर यस्टरडे.’ काल मी तिथे गेलो होतो, एवढेच त्याला सांगायचे असते. पण मराठीतल्या ‘होतो’साठी तो प्रामाणिकपणे ‘हॅड’ शोधून आणतो. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ हे रूप भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडून गेलेल्या गोष्टीसाठी राखलेले आहे, त्यामुळे नुसते एवढेच वाक्य ऐकणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट पाहत राहतो. काल, गेल्या वर्षी, २०१० साली, असा काळ सांगून एखादी संपलेली गोष्ट सांगायची असेल, तर ‘आय वेन्ट’ पुरेसे आहे. साध्या भूतकाळाचा अभ्यास रूपांच्या तक्त्यापासून नव्हे, तर या ‘होतो’पासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

रूपांच्या बाबतीत इंग्रजीने आपल्याला मोठीच सवलत दिली आहे. मराठीत तो गेला, ती गेली, तू गेलास असे बदल होतात. शिवाय ‘तिने निबंध लिहिला’ आणि ‘तिने चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. इंग्रजीत कर्ता कोणीही असो, ‘वेन्ट’ आणि ‘रोट’ तशीच राहतात. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्यातला भेद मात्र सांभाळावा लागतो.

अनियमित क्रियापदांची भीती मला अनाठायी वाटते. ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले, असे विचारणाऱ्याने ‘जाणे’चे ‘गेला’ कसे झाले, हेही स्वतःला विचारून पाहावे. ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचे रूप. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते ‘गो’च्या भूतकाळी जागेवर कायमचे स्थिरावले. येणे–आला, करणे–केला, मरणे–मेला ही रूपे आपण लहानपणी पाठ केली नाहीत, ती ऐकता-बोलता जिभेवर बसली. रोजच्या वापरातल्या क्रियापदांची जुनी रूपे अशीच टिकतात, तर कमी लागणारी बहुधा नियमाच्या वाटेला लागतात.

नकार आणि प्रश्न यांकडे मात्र जास्त लक्ष द्यावे लागते. ‘तू गेलास का?’ यात ‘गेलास’ भूतकाळीच राहते, म्हणून आपल्याकडून सहज ‘डिड यू वेन्ट?’ होते. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच लागते. ती ‘डिड’ने घेतली की क्रियापद मूळ रूपात येते : ‘डिड यू गो?’, ‘आय डिडन्ट गो.’ उच्चारांतही ‘वॉकेड’ नव्हे, ‘वॉक्ट’ म्हणावे. ‘वॉन्टेड’सारखा वेगळा ‘एड’ फक्त ट किंवा ड या ध्वनीने संपणाऱ्या क्रियापदांतच ऐकू येतो.

आपल्या भाषेत भूतकाळ पुढच्या क्षणासाठीही वापरला जातो. ‘हा मी आलोच’ म्हणणारा अजून जागचा हललेलाही नसतो. त्याने ‘आय केम’ म्हटले, तर तो येऊन पोहोचल्याचा अर्थ होईल. तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’च हवे.

आज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात काय घडले, ते पाच इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगून पाहा, आणि ‘हॅड’ तोंडात आले की क्षणभर थांबून विचारा : हे नेमके कशाच्या आधी घडले होते?