उन्हाची जोडी लोकरीशी

(इंदूरमधल्या पालक-मेळाव्यातलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, उद्या शाळेत ऊन न्यायचंय." मी म्हटलं, "अगं, ऊन कसं नेणार?" तर म्हणते, "पिशवीत!" तिला लोकर हवी होती. आपल्या इंदुरी घरांत हे रोजचंच आहे. एका वाक्यात दोन भाषा असतात आणि एकीतून दुसरीत कधी गेलो ते कळतही नाही. त्या एका शब्दावरून मला हा पत्त्यांचा खेळ सुचला.

जोड्या लावायचा खेळ तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पत्ते पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जोडी निघाली तर आपली, नाहीतर पुन्हा पालथे. जर्मनीतल्या राफेन्सबुर्गर कंपनीने १९५९ साली तो 'मेमरी' नावाने काढला, पण कल्पना त्याहून फार जुनी. जपानात काइ-आवासे नावाचा शिंपल्यांचा खेळ आहे. शिंपल्याचे दोन भाग फक्त एकमेकांनाच नीट बसतात, म्हणजे जोडी निसर्गानेच ठरवलेली. आमच्या खेळात मात्र जोडीतली चित्रं एकमेकांसारखी मुळीच नाहीत. एका पत्त्यावर गच्चीत वाळणारे पापड आणि वर सूर्य, दुसऱ्यावर लोकरीचा गुंडा. दोन्हींना जोडतो तो शब्द: मराठीतलं ऊन आणि हिंदीतलं ऊन. (बोलता बोलता 'गुंडा' हाही पत्ता सापडला बघा!)

असे शब्द शोधायला बसलात की थांबवत नाही. सही: आपली स्वाक्षरी, त्यांचं बरोबर. खत: शेतातलं, आणि टपालातलं. कपाट: कपड्यांचं, आणि केदारनाथाच्या देवळाचं दार. दादा: मोठा भाऊ, आणि आजोबा. साल: केळ्याचं, आणि कॅलेंडरचं. संसार: भांडीकुंडी, आणि अख्खं जग. शिक्षा: कान धरून उभा मुलगा, आणि शाळेत शिकणारा.

पहिल्या संचात मी चित्राखाली शब्द लिहिले, आणि तिथेच खेळ बिघडला. मुलं चित्राकडे बघेनात, अक्षरं जुळवू लागली. मग अक्षरं काढून टाकली. वेगळा खेळ करायचा म्हणून लोक नियमांवर नियम चढवतात: जादूचा पत्ता, दंडाचा पत्ता. माझं मत असं की लक्षात काय ठेवायचं, तेच बदलावं. बाकीचे नियम जुनेच राहू द्यावेत. मी वाढवला तो एकच. जोडी उचलणाऱ्याने दोन्ही भाषांत एकेक वाक्य म्हणायचं. "बाहेर ऊन आहे", "ऊन का स्वेटर". वाक्य जमलं तरच पत्ते आपले.

यात खरी गंमत 'पीठ' या जोडीने आणली. एका पत्त्यावर परातीतलं पीठ, दुसऱ्यावर माणसाची पाठ. नातीने पाठ उलटली आणि मोठ्याने म्हणाली, "पाठ!" मग शाळेतल्या मुलाचा पत्ता उलटून म्हणते, "हा बघ, पाठ वाचतोय." वाक्यंसुद्धा तयार! मी पत्ते परत पालथे करायला लावले, कारण धडा दोन्ही भाषांत पाठच, अर्थ बदलायला हवा. ती हिरमुसली, पण दोन डावांनंतर परात उघडली तेव्हा तिचा हात सरळ त्या पाठीवर गेला. "पीठ में दर्द है," म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

आता पत्ते करायचे कसे. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊ नका, तुपाचा डाग पडतो आणि मुलं डागावरून पत्ता ओळखतात. दुमडलेला कोपराही चालत नाही. मी उरलेल्या लग्नपत्रिका वापरल्या, सगळ्या एकाच छपाईच्या. ६ सेंटिमीटरचे चौरस कापा. कागद एकाच बाजूला चिकटवलात तर ओल धरून पत्ता वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना चिकटवा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

किती पत्ते? १२ जोड्या म्हणजे २४ पत्ते. पहिला उलटल्यावर जोडीदार आंधळेपणाने सापडण्याची शक्यता २३ पैकी १. लहानग्यांसाठी मराठी अर्थाच्या पत्त्यांची पाठ एका रंगाची, हिंदीच्या पत्त्यांची दुसऱ्या रंगाची करा, ती १२ पैकी १ होते. अगदी सहा वर्षांच्या मुलाला ६ जोड्या पुरेत. आणि भिडू जोडीने बसवा, एक आजी किंवा आजोबा आणि एक नातवंड. आमच्याकडचे ऐंशी वर्षांचे आजोबा चित्रांच्या जागा विसरतात, पण शब्द त्यांनाच आधी सुचतो. जागा नातवाच्या लक्षात असते.

एक जोडी मात्र अजून अडली आहे: यातायात. हिंदीतलं सोपं, पलासिया चौकातली गर्दी काढली की झालं. पण "केवढी यातायात करावी लागली" असं आपण म्हणतो, ती धावपळ, त्या खस्ता एका चौकोनात कशा दाखवायच्या? तिथे पुठ्ठे, कात्र्या आणि रंग ठेवले आहेत. कुणाला सुचलं तर काढून दाखवा.