घडीखालची जखम

ओटीपोटाची घडी उचलली की खालची त्वचा दिसते: घामाने ओलसर, कधी लाल पडलेली. सिझेरियनचा आडवा छेद बहुधा इथेच येतो. लठ्ठ बाळंतिणीची जखम चिघळते ती या ओलाव्यामुळे आणि त्याखालच्या चरबीमुळे. चरबीला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे प्रतिजैविकही तिथे कमी पोहोचते.

म्हणून तयारी वजनकाट्यापासून सुरू होते. सेफाझोलिन या प्रतिजैविकाचा नेहमीचा डोस २ ग्रॅम. वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. हा डोस छेद घेण्याआधीच्या ६० मिनिटांत शिरेतून द्यायचा. कळा सुरू असतील किंवा पाणमोट फुटली असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन या आणखी एका प्रतिजैविकाच्या ५०० मिलिग्रॅमची जोड. केस काढायचेच असतील तर क्लिपरने. वस्तऱ्याचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना उघडी वाट.

घडी वर ओढून चिकटपट्ट्यांनी धरतात, तेव्हा बाईचा श्वास अडत नाही ना, हे पाहायलाच हवे. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल हे जंतुनाशक त्वचेला लावल्यावर किमान ३ मिनिटे थांबा, ते पूर्ण सुकू द्या. घडीत साचलेले अल्कोहोल कॉटरीच्या (रक्तस्राव थांबवायच्या विजेच्या उपकरणाच्या) ठिणगीने पेटू शकते.

आता टाके. चरबीचा थर २ सेंटिमीटर किंवा जास्त जाड असेल तर त्यातही विरघळणारे टाके घालून पोकळी मिटवायची. नाहीतर तिथे रक्त-पाणी साचते. सरसकट निचऱ्याची नळी घालून फायदा होत नाही. त्वचेला स्टेपलपेक्षा आतून घातलेले टाके बरे. महागड्या व्हॅक्यूम ड्रेसिंगचा (पंपाने जखमेवरून पाणी ओढून घेणाऱ्या पट्टीचा) आग्रह नको: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत लठ्ठ स्त्रियांचा जंतुसंसर्ग त्याने कमी झाला नाही, उलट त्वचेचा त्रास वाढला.

बहुतेक जखमा बिघडतात त्या घरी गेल्यावर. आंघोळीनंतर घडी उचला, स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडी करा, चोळू नका. मालिशवाल्या बाईंना सांगून ठेवा: जखमेजवळ तेल नाही, शेगडीचा शेक नाही. बाळंतिणीला स्वतःला ही जखम दिसत नाही. आईने, सासूने किंवा नवऱ्याने मोबाइलच्या उजेडात रोज पाहावी. लाली पसरली, पू आला, ताप चढला, दुखणे वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि जखमेतून अचानक भरपूर गुलाबीसर पाणी वाहू लागले, तर आतला मजबूत थर उसवला असण्याची शंका घ्या. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.