बाटली बदलली, जंत तेच

काय मंडळी, पाऊस लागला की आपल्या कोकणात शेळीवाल्यांचं एकच गाऱ्हाणं, औषध पाजलं तरी जंत जात नाहीत! शेळी खंगतेय, जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबतेय, आणि आपण म्हणतो दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. असेलही एखादवेळी. पण पुष्कळदा औषध चांगलंच असतं, जंत बदललेला असतो.

हा जंत म्हणजे हिमॉन्कस. शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरची मादी, रक्ताने लाल झालेल्या आतड्याभोवती तिची पांढरी अंडाशयं पिळा घातल्यासारखी दिसतात, आणि ही बया दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते, वर आपल्या सड्यावरचं ओलं गवत म्हणजे अळ्यांची चैनच की.

आता आपलं जंतावरचं औषध, अल्बेंडाझोल. ते जंताच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं. त्यातलं 200 नंबरचं एक अमिनो ॲसिड बदललं तरी औषधाची पकड सुटते. याच ग्रुपचं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, 1961 ला आलं आणि 1964 ला रेझिस्टन्सचा, म्हणजे जंत औषधाला दाद देत नसल्याचा, रिपोर्टसुद्धा आला! मग एन्झाइमचं, म्हणजे शरीरात रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रोटीनचं, काय? जंताकडे जीएसटी (तो टॅक्स नव्हे!), यूजीटी अशी एन्झाइम असतात, ती औषधाच्या रेणूला दुसरा रेणू जोडतात म्हणजे ते बाहेर टाकणं सोपं जातं, काही रेझिस्टंट जंतांत यांचं प्रमाण जास्त सापडलंय. तरी माझ्या मते या औषधापुरती ती साइड हिरो, मेन रोल ट्युब्युलिनचाच.

एन्झाइमची खरी गंमत शेळीच्या लिव्हरमध्ये आहे बरं का. तिचं लिव्हर हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, म्हणून मेंढीचा डोस शेळीला कमी पडतो, आणि आपण तोही अंदाजपंचे वजन धरून पाजणार, म्हणजे अर्धवट औषधात कमजोर जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. शेळीचा डोस डॉक्टरांनाच विचारा, गाभण असेल तर आधी सांगा.

आणि अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल आणलंत तर काही बदललं नाही हो, ग्रुप एकच!

पाजायच्या दिवशी लेंड्या तपासून घ्या, 10 ते 14 दिवसांनी परत. अंडी 95 टक्क्यांनी तरी घटली नाहीत तर रेझिस्टन्सचा संशय घ्या. सगळ्या कळपाला सरसकट पाजू नका, खालची पापणी ओढून बघा, लालबुंद असेल तर तिला कशाला औषध? तिच्या पोटातले औषधाने मरणारे साधे जंत राहू देत, रानात चिवट जंतांच्या पिलावळीत त्यांचीही भेसळ व्हायला हवी.