गोंगाटात चेहरा काय सांगतो

(पडद्यावर फक्त ओठ. आवाज बंद.)

ओळखा पाहू, कोणता शब्द? पाप? बाप? की माप?

तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. नुसते ओठ पाहून अख्खं संभाषण कळतं, ही समजूत पडद्यावरच्या गुप्तहेरांसाठी ठीक आहे.

(ओठ धूसर. गर्दीचा गोंगाट सुरू.)

आता उलट खेळ. पान, तान की कान? प, त आणि क यांना वेगळं करणारा ध्वनी अगदी क्षणभराचा, नाजूक. गोंगाट आधी तोच गिळतो.

(ओठ पुन्हा स्पष्ट.)

आता पाहा. 'प'ला ओठ मिटले. 'त'ला जीभ दातांपाशी आली. 'क'ला यातलं काहीच नाही. कानाकडून निसटलेलं चेहऱ्यावर शिल्लक होतं! आणि बाप-मापमधला जो फरक डोळ्याला दिसत नाही, तो 'म'चा नाकातला सूर गोंगाटातही बऱ्यापैकी तग धरतो. कान आणि डोळे एकमेकांच्या उणिवा भरतात, त्या अशा.

सम्बी आणि पोलॅक या संशोधकांनी 1954 साली हे मोजलं. गोंगाट जितका जास्त, तितकी चेहरा दिसण्याची मदत मोठी. त्यांचे श्रोते मात्र नीट ऐकू येणारे होते. म्हणजे ओठ आपण सगळेच वाचतो. फक्त बहिऱ्या माणसाला ते जाणवतं, आपल्याला नाही.

श्रवणयंत्र शब्दांबरोबर गोंगाटही वाढवतं. म्हणून यंत्र लावूनही माणूस जागा निवडून बसतो: बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. आणि कृपा करून ओरडू नका. ओरडताना ओठांचे आकारच बिघडतात.

ज्यांना काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी पाप-बाप-मापचा गुंता उरतोच. अमेरिकेतल्या गॅलॉडेट या बहिऱ्यांसाठीच्या कॉलेजात ऑरिन कॉर्नेट यांनी 1966 साली त्यावर तोड काढली, 'क्यूड स्पीच'. ही सांकेतिक भाषा नव्हे. बोलतानाच चेहऱ्याजवळ हाताच्या खुणा करायच्या. इंग्रजीसाठी हाताचे आठ आकार, चार जागा. ओठ तेच, पण प, ब, म यांना हात वेगळा.

(एका टेबलाभोवती पाच जण. सगळे एकदम बोलताहेत.)

इथे मात्र सगळ्याच युक्त्या थकतात. आधी कोण बोलतंय ते शोधायचं. नजर तिथे पोहोचेपर्यंत अर्धं वाक्य गेलेलं असतं. सगळे हसतात. "काय झालं?" विचारलं, की उत्तर येतं, "काही नाही, असंच."