शेत त्याचं, वाट आपली

(इंग्लंडमध्ये मुलांकडे आलेल्या ज्येष्ठ मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे नाहीतर मुलीकडे आलेले आहेत. सोमवार ते शुक्रवार मुलं कामावर, नातवंडं शाळेत आणि तुम्ही खिडकीत. शनिवारी तुम्हाला गाडीत घालून एखाद्या राजवाड्यात नेतात. तिथलं तिकीट बघून तुम्ही मनातल्या मनात पौंडांचे रुपये करता, आणि मग चहासुद्धा गोड लागत नाही. मी आज सांगणार आहे ते फुकट आहे. गुडघे फार कुरकुरत नसतील तर तुम्हाला सहज जमेल.

कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या मुलखात लोक जातात ते मधाच्या रंगाची दगडी घरं बघायला. उन्हाळ्यातल्या रविवारी बर्टन-ऑन-द-वॉटरला जाऊन बघा, जत्रा भरलेली असते. पूल, आइस्क्रीम, फोटो, परत. तिथून काही मैलांवर दुसरं बर्टन आहे, बर्टन-ऑन-द-हिल. तिथे पर्यटक क्वचितच उतरतो. लंडनच्या पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला गाडी साधारण दीड तासात पोचते. तिथून दोन मैल टॅक्सीने वर गेलात की हे गाव लागतं. गावाच्या मधून हमरस्ता जातो, त्यामुळे तिथे रमू नका. दक्षिणेकडे शेतात उतरणारी वाट शोधा. खांबावर पिवळा बाण दिसला की निघायचं. ही वाट लाँगबरो नावाच्या गावाला जाते. अंतर दोन-अडीच मैल. चढउतार आहे, पण सिंहगड चढलेल्या माणसाने त्याला चढ म्हणू नये.

आता हा बाण काय आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

आपल्याकडे शेतातल्या वाटेवरून केवढी भांडणं होतात ते तुम्हाला माहीत आहे. बांध फोडला, वाट अडवली, की तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली दावा. हा कायदा 1906चा, अजून चालतो. पण त्यातली वहिवाट बहुतेक वेळा शेतकऱ्याची असते, स्वतःच्या शेतात बैल नाहीतर ट्रॅक्टर न्यायला. नुसतं फिरायला आलेल्या परक्या माणसाला तिथे कोण विचारतो? इथे तो हक्क कुणाचाही आहे. तुमचाही, व्हिजिटर व्हिसावर असलात तरी. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं बिनदिक्कत, हक्काने चालत आले, तर ती वाट सार्वजनिक झाली असं कायदा धरून चालतो. हे सूत्र 1932च्या कायद्याने पक्कं केलं. 1949 साली संसदेने काउंटी कौन्सिलांना, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदांना, अशा वाटांचे नकाशे करायला लावले. त्या नकाशावर वाट आली की ती आली. शेत विकलं, मालक बदलला, तरी वाट जागेवर. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते.

शेतकऱ्यावर बंधनं आहेत. शेताच्या मधून जाणारी वाट त्याने नांगरली, तर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान एक मीटर रुंद. पीक कंबरेएवढं वाढलेलं असतं आणि त्यातून भांग पाडल्यासारखी सरळ वाट गेलेली असते. आपल्या लोकांचा पाय तिथे अडखळतो. दुसऱ्याच्या गव्हात शिरायचं कसं? खुशाल शिरा. मात्र वाट सोडून डावीउजवीकडे नको. हक्क त्या पट्टीपुरताच.

हे सगळं मालकांनी प्रेमाने दिलं असं समजू नका. डार्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर शिकारीसाठी पक्षी राखलेले होते, तिथे लोकांना बंदी होती. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो तरुण कामगार मुद्दाम त्या माळावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. अशा उघड्या माळरानांवर मोकळं फिरण्याचा सर्वसाधारण हक्क यायला 2000 सालचा कायदा उजाडावा लागला.

तर आपली वाट. फाटकं उघडत, लावत तुम्ही निघता. उघडं असेल तर उघडं ठेवायचं, लावलेलं असेल तर लावायचं. काही ठिकाणी अर्धगोलात अडकवलेलं फाटक असतं, एका वेळी एकच माणूस त्यातून जातो आणि गुरं अडतात. दोन्ही बाजूंना मातीचुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, थेट कोकणातल्या गडग्यासारख्या. मग शेतं संपतात, मोठमोठ्या झाडांचं उद्यान सुरू होतं, आणि झाडांपलीकडे तांब्याचा हिरवा पडलेला घुमट दिसतो. ग्लॉस्टरशरमध्ये, मेंढ्यांच्या मागे, मोगल घुमट!

हे सेझिनकोट. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचं घर, 1805च्या सुमारास बांधलेलं. आराखडा त्याचा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल याचा. तो कधी हिंदुस्थानात आला नव्हता, म्हणून सल्ला घेतला टॉमस डॅनियलचा, ज्याने आपल्या देशात हिंडून इमारतींची चित्रं काढली होती. बागेतल्या पुलावर नंदी बसवलेत. नंतर चौथा जॉर्ज झालेला राजपुत्र 1807 मध्ये इथे येऊन गेला, आणि ब्रायटनमधल्या त्याच्या राजवाड्यावरच्या घुमटांची कल्पना त्याला इथेच सुचली असं मानतात. घर आजही खाजगी आहे. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी तिकीट काढून आत जाता येतं. पण त्याच्या उद्यानातून आपली वाट जाते, बाराही महिने. आपल्याकडून गेलेल्या पैशातून उभं राहिलेलं घर आपण बिनतिकीट बघतो, याचं मला अजून बरं वाटतं. इतिहासाचा हिशेब त्याने फिटत नाही, हे कळतं. तरी बरं वाटतं.

ज्यांना आणखी हवंय त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच रेल्वेवर मोरटनच्या एक स्टेशन अलीकडे, किंगमला उतरावं आणि नकाशा बघत डेल्सफर्डला चालत जावं. डेल्सफर्ड हाउस कुणाचं? वॉरन हेस्टिंग्जचं. ज्याच्या काळात कंपनीने पहिल्या इंग्रज-मराठा युद्धानंतर 1782 साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह केला, तो. आर्किटेक्टही हाच सॅम्युएल कॉकरेल. हेस्टिंग्ज तिथल्या चर्चच्या आवारात पुरला आहे. मृत्यू ऑगस्ट 1818. दुसऱ्या बाजीरावाने जूनमध्ये शरणागती पत्करल्यानंतर अडीच महिन्यांनी. ही तारीख वाचून थबकायला आपल्यासारखंच माणूस लागतं, शेजारून कुत्रा घेऊन जाणाऱ्या इंग्रज बाईंना त्यात काही विशेष वाटणार नाही.

आता गाईंबद्दल, हे गंभीरपणे ऐका. आपल्या आजी मंडळींना गाय दिसली की कपाळाला हात लावून नमस्कार करायचा असतो. करा, पण लांबून. वासरं बरोबर असलेली गाय इथे खरोखर धोक्याची. वासरू आणि गाय यांच्यामधून कधीही जाऊ नका, त्या वेळी वाट सोडून वळसा घेतलात तरी चालतं. दुभत्या जातीचा वळू वाटेच्या शेतात सोडायला कायद्याने बंदी आहे, पण मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू गाईंबरोबर असेल तर चालतो. जात ओळखत बसू नका. सगळ्यांपासून अंतर ठेवा.

बुटांचं म्हणाल तर हिवाळ्यात चिखल घोट्याच्या वर येतो. साडी नको, पांढरे स्पोर्ट्स शूज अजिबात नकोत. मे आणि जून उत्तम, तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल45 क्रमांकाचा नकाशा घ्या, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. वाटा त्यावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवल्यात. फोनवरही नकाशा येतो, पण दरीत रेंज जाते आणि मग सुनेला फोन लागत नाही.

परतीचं तेवढं आधी ठरवा. लाँगबरोला पब आहे, तिथे चहा मिळेल, पण रिक्षा स्टँड नाही. बस मोजक्या, रविवारी तर भरवसाच धरू नका. मोरटनच्या टॅक्सीवाल्याला सकाळीच सांगून ठेवायचं, दोन वाजता लाँगबरोच्या चर्चपाशी ये म्हणून. डबा वाटेवरच बसून खाल्लात तरी कुणी हरकत घेणार नाही. नकाशा मी टेबलावर पसरून ठेवला आहे, ज्यांना वाट कागदावर उतरवून घ्यायची आहे त्यांनी चष्मा घेऊन पुढे या.