फुलाच्या वाटेवर कोसळणारे दगड

नमस्कार श्रोतेहो. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी आपण कौतुकाने बघतो. ती कड्यावरून खाली आणताना कोणाच्या गुडघ्यांवर किती भार पडला, हे मात्र त्या कागदावर लिहिलेलं नसतं. आज बोलायचं आहे ते त्या कष्टांविषयी.

गिर्यारोहकाची नजर पायाखाली असते. वनस्पती शोधणाऱ्याची नजर कपारीत, फांदीवर, पलीकडच्या धारेवर भिरभिरत असते, आणि पाय घसरतो तो तेव्हाच. म्हणून पहिला नियम: आधी थांबायचं, मग बघायचं. पुन्हा सांगतो, आधी थांबायचं, दोन्ही पाय पक्के रोवायचे, मग बघायचं. कड्यावर नमुना तोडताना दोन पाय आणि एक हात खडकावर टेकलेले हवेत. कात्री चालवायला एकच हात उरतो, म्हणून ती दोरीने मनगटाला बांधलेली बरी.

पाठीवर काय काय असतं? नमुने दाबायचा लाकडी प्रेस, टीपकागद, वर्तमानपत्रं, पट्टे, खुरपं, पिशव्या, वही आणि निदान तीन लिटर पाणी. दिवसभरात पाणी संपत जातं, पण ओले नमुने वाढत जातात, त्यामुळे परतताना ओझं फारसं हलकं झालेलं नसतं. त्यात उतार लागतो. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत सगळं वजन रोखून धरतात आणि थकल्यावर पाय लटपटू लागतात. तेव्हा परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा, आणि समोर कितीही दुर्मीळ फूल दिसलं तरी ती मोडू नका.

आता अर्नेस्ट विल्सनची हकीकत सांगतो. बॉस्टनच्या अर्नोल्ड अर्बोरेटम या वृक्षोद्यानासाठी वनस्पती गोळा करणारा हा इंग्रज 1910 साली चीनमधल्या सिचुआन प्रांतात, मिन नदीच्या खोऱ्यात गेला होता. त्याला हवे होते लिलियम रिगाले या पांढऱ्या, सुवासिक लिलीचे कंद. दिवस सप्टेंबरचे. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी आणि मध्ये अरुंद वाट. विल्सन पालखीत बसला होता आणि त्याचा कुत्रा पुढे चालला होता. एकाएकी कुत्र्याची शेपटी हलायची थांबली. तो अंग चोरून पुढे पळाला आणि एक लहानसा दगड वाटेवर आपटून नदीत गेला.

श्रोतेहो, तो लहान दगड लक्षात ठेवा. दरड कोसळण्याआधी बऱ्याचदा असेच चुकार दगड येतात.

विल्सनने ओरडून पालखी खाली ठेवायला लावली. पुढचे भोई धावले, मागोमाग तोही बाहेर पडला. तेवढ्यात एक धोंडा पालखीवर आदळला आणि तिला घेऊन खाली गेला. डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं, टोपी उडाली. भक्कम कड्याचा आडोसा काही पावलांवर असतानाच उजव्या पायावर दगड बसला आणि गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं. तो सरपटत आडोशाला पोचला. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय काढून त्यांच्या खपच्या करून पाय बांधला. इतक्यात समोरून खेचरांचा तांडा आला. वाट इतकी चिंचोळी, की तांड्याला वळता येईना आणि दरडीखाली थांबणंही धोक्याचं. शेवटी विल्सन वाटेवर आडवा पडून राहिला आणि जवळपास पन्नास खेचरं एकामागून एक त्याला ओलांडून गेली. एकाचाही खूर त्याला लागला नाही!

मग चेंगडू शहरापर्यंत तीन दिवसांचा प्रवास. तोवर जखम चिघळली आणि पाय कापायची वेळ आली होती. पाय वाचला, पण जवळजवळ इंचभर आखूड झाला. कंद मात्र बॉस्टनला पोचले आणि आज ही लिली जगभरच्या बागांत फुलते. विल्सनच्या नावाने कितीतरी वनस्पती ओळखल्या जातात, पण त्याला उचलून नेणाऱ्या भोयांची नावं कोणाला माहीत आहेत? मला हे फार खटकतं. मोहिमेच्या अहवालात हमालांची आणि वाटाड्यांची नावं आलीच पाहिजेत.

तर दरडीची जागा ओलांडताना गप्पा बंद, हेल्मेट डोक्यावर, माणसांमध्ये अंतर, आणि एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने चालायचं नाही. पाऊस पडून गेल्यावर ती जागा टाळाच. वरून दगड आलाच तर उताराने खाली पळू नका. जवळच्या उभ्या, भक्कम कड्याला चिकटा. पाय मोडला तर खपची मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलू देणार नाही अशी बांधा. दोन्ही सांधे, हे विसरू नका. बांधल्यावर बोटं गार किंवा निळसर पडली तर गाठ सैल करा. जखम उघडी असेल तर आधी स्वच्छ कापडाने झाका.

आणि मुक्कामी पोचल्यावर कितीही अंग मोडून आलं असलं, तरी प्रेसमधले ओले कागद त्याच रात्री बदला. सकाळपर्यंत ठेवले तर पानं काळी पडू लागतात, पुढे बुरशी धरते. जागा, उंची, तारीख आणि फुलाचा रंगही तेव्हाच लिहून ठेवा, कारण वाळल्यावर रंग उडतो.